ॲप काढून टाकण्याआधी

करमाळा हे तालुक्याचं गाव, पण तिथे रेल्वे नाही. रेल्वे आहे जेऊरला, दौंड-सोलापूर मार्गावर. त्यामुळे पुण्याची किंवा सोलापूरची गाडी धरायला करमाळ्याची माणसं जेऊरच्या फलाटावर येतात. थोड्या अंतरावर उजनी धरणाचं बॅकवॉटर आहे आणि त्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या बागा आहेत. कंदर, चिखलठाण, वाशिंबे या गावांची केळी आता आखाती देशांपर्यंत जातात. कुर्डुवाडीच्या बाजूला केम आहे, कुंकवाच्या कारखान्यांचं गाव. चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे याच जेऊरचे. २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि करमाळा तालुक्यातले रस्ते, विहिरी, उसाचे फड अख्ख्या महाराष्ट्राने पडद्यावर पाहिले. आपल्या मुलखाचं चित्र आपल्याच माणसाने काढावं आणि ते सगळ्यांनी बघावं, ही गोष्ट त्यानंतर या भागाला परकी राहिली नाही.

आता ते काम फोनवर चालतं. केळीचा घड उतरवताना, कंटेनर भरताना, जत्रेत, वरातीत व्हिडिओ घेतला जातो. त्याचे तुकडे जोडले जातात, गाणं लागतं, खाली चार ओळी लिहिल्या जातात. तेवढ्यात मोटर बंद करायला जायचं असतं, नाहीतर गाडी आलेली असते. मग काम ड्राफ्टमध्ये टाकून फोन खिशात जातो. रात्री ॲप उघडावं तर ड्राफ्ट नसतो. किंवा असतो, पण त्यात चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो. किंवा ‘सेव्ह’ दाबलं की चक्र फिरत राहतं आणि काहीच होत नाही. ‘ड्राफ्ट सेव्ह होईना’ म्हणून माणूस मोबाइलच्या दुकानात जातो, मित्राला विचारतो, आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ॲप काढा आणि परत टाका.

या सल्ल्याबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे, कारण तो चांगल्या मनाने दिला जातो आणि त्यानेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ॲप काढल्यावर बिघाड कदाचित जाईल, पण त्याबरोबर आधीचे सगळे ड्राफ्टही जातील. ज्याचा एक ड्राफ्ट सेव्ह होत नव्हता, त्याचे वीस जातात. हा उपाय आहे, पण अगदी शेवटचा. त्याच्या आधी बरंच काही करता येतं. ते नीट करायचं तर ड्राफ्ट नेमका कुठे राहतो हे आधी कळायला हवं.

आपण पोस्ट टाकतो तेव्हा ती कंपनीच्या सर्व्हरवर जाते. फोन विहिरीत पडला तरी पोस्ट शाबूत राहते, दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं की दिसते. म्हणून आपण समजतो की ड्राफ्टही तिथेच असेल. बहुतेक वेळा तो तिथे नसतो. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला फोनच्या साठवणीत एक स्वतंत्र जागा देतं. त्या जागेत दुसऱ्या ॲपला शिरता येत नाही, फाइल मॅनेजरमधूनही ती साधारणपणे दिसत नाही. भाड्याच्या खोलीसारखा हा प्रकार आहे: ॲप राहतं तोवर सामान सुरक्षित, ॲपने खोली सोडली की मालक उरलंसुरलं सगळं काढून टाकतो. इन्स्टाग्रामच्या रील्सचे ड्राफ्ट या जागेत असतात. यूट्यूब शॉर्ट्सचे ड्राफ्टही फोनवरच राहतात. एक्सच्या फोनवरच्या ॲपमध्ये लिहून ठेवलेला मजकूर त्याच फोनवर असतो, संगणकावर लॉगिन केलं तर तो तिथे दिसत नाही.

सगळ्यांचं असं नाही, आणि गोंधळ नेमका इथून सुरू होतो. टेलिग्रामने २०१६ मध्ये ड्राफ्ट सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली. तिथे फोनवर अर्धवट लिहिलेला निरोप संगणकावर पुरा करता येतो. जीमेलचा ड्राफ्टही सर्व्हरवर जातो. यूट्यूबवर मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला आणि प्रकाशित केला नाही, तर तो यूट्यूब स्टुडिओत ड्राफ्ट म्हणून राहतो, आणि तोही सर्व्हरवर. म्हणजे एकाच यूट्यूबमध्ये शॉर्टचा ड्राफ्ट फोनवर आणि मोठ्या व्हिडिओचा ड्राफ्ट सर्व्हरवर. फेसबुक पेज चालवणाऱ्यांनी मेटा बिझनेस सूटमध्ये ठेवलेला ड्राफ्ट सर्व्हरवर असतो. दोन्ही ठिकाणी शब्द मात्र एकच, ‘ड्राफ्ट’. कंपन्यांनी हा फरक बटणावरच लिहायला हवा होता, ‘फक्त या फोनवर सेव्ह होईल’ असं. एवढ्या पाच शब्दांनी किती जणांचं काम वाचलं असतं.

आपला ड्राफ्ट कुठे आहे हे ओळखायची खात्रीची परीक्षा सोपी आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच खात्याने लॉगिन करा आणि बघा. तिथे ड्राफ्ट दिसला तर तो सर्व्हरवर आहे, मग ॲप काढलं तरी बिघडत नाही. दिसला नाही तर तो फक्त तुमच्या हातातल्या फोनवर आहे असं धरून चाला. ही परीक्षा करताना मूळ फोनवरून मात्र लॉगआउट करू नका, कारण काही ॲप्समध्ये लॉगआउट केल्यानेही ड्राफ्ट पुसले जातात.

ड्राफ्ट फोनवर असतो याचा फटका आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर बसला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत टिकटॉक घरोघरी पोचलेलं होतं. शेतात, गोठ्यात, चुलीपुढे केलेले व्हिडिओ तिथे होते, आणि ते करणाऱ्या कित्येकांना त्याआधी कुठल्याही पडद्यावर जागा मिळालेली नव्हती. प्रकाशित झालेले व्हिडिओ सर्व्हरवर राहिले, पण इथून त्यांच्यापर्यंत पोचायची वाट बंद झाली. अप्रकाशित ड्राफ्ट फोनवर होते. आता या ॲपचा काय उपयोग, म्हणून ज्यांनी ते काढून टाकलं, त्यांचे ड्राफ्ट त्याच क्षणी कायमचे गेले. आपण केलेलं काम दुसऱ्याच्या ॲपच्या पोटात किती असुरक्षित असतं हे तेव्हा दिसलं. ते लक्षात ठेवणारे थोडेच निघाले.

आता सेव्ह का होत नाही ते बघू. कारणं बरीच असली तरी वारंवार भेटणारी तीनच आहेत. पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे फोनमध्ये जागा नसणं.

‘स्टोरेज फुल’ची सूचना आपण रोज बाजूला सारतो. फोटो निघतो, व्हॉट्सॲप चालतं, म्हणजे काम चाललंय असं वाटतं. पण व्हिडिओची भूक वेगळी असते. साध्या १०८० पी दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, तो कोणत्या पद्धतीने दाबला आहे त्यानुसार, साधारण ६० ते १३० एमबी घेतो. रील करताना पाच-सहा तुकडे घेतले जातात. त्यांतले निम्मे वापरले नाहीत तरी ते फोनवर असतातच. शिवाय ड्राफ्ट सेव्ह करताना बरीचशी ॲप्स त्या तुकड्यांची स्वतःपुरती एक प्रत बनवतात. तेवढ्या वेळापुरती जवळजवळ दुप्पट जागा लागते. ६४ जीबीच्या फोनमध्ये यंत्रणा, ॲप्स आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या सुप्रभाताच्या चित्रांनी जागा भरलेली असेल, तर ही प्रत अर्ध्यावर अडते.

अर्ध्यावर अडली म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. अशा नोंदी ठेवण्यासाठी फोनवरची कित्येक ॲप्स एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस वापरतात. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने तो २००० साली लिहिला. त्या वेळी ते अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठी एका प्रोग्रामवर काम करत होते, आणि सांभाळायला वेगळा माणूस लागू नये असा डेटाबेस त्यांना हवा होता. आज तो जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, तुमच्याही. त्याचा एक पक्का नियम आहे: नोंद एक तर पूर्ण होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. मध्येच जागा संपली किंवा बॅटरी गेली, तर तो अर्धवट लिहिलेलं मोडून टाकतो आणि आधीच्या स्थितीला परत जातो. हे चांगलंच आहे, नाहीतर सगळे ड्राफ्ट खराब झाले असते. पण आपल्याला मात्र असं दिसतं की आज दुपारी केलेले बदल गायब आहेत आणि परवाचाच मजकूर उभा आहे. ‘जुनाच ड्राफ्ट येतोय’ ही तक्रार ऐकली की मी आधी फोनमधली शिल्लक जागा बघायला सांगतो.

जागेचा दुसरा एक परिणाम जास्त फसवा आहे. प्रत्येक ॲपकडे कायमच्या फाइलींची जागा असते आणि कॅशची, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची. फोन फारच भरला की अँड्रॉइड आपण होऊन ॲप्सच्या कॅशमधल्या फाइली पुसू शकतं. तशी त्याला मुभाच आहे. ॲप बनवणाऱ्याने ड्राफ्टचा एखादा भाग, समजा तयार झालेला व्हिडिओ किंवा छोटं चित्र, कॅशमध्ये ठेवला असेल तर तो भाग जातो. ड्राफ्टची ओळ यादीत दिसत राहते, उघडायला गेलं की उघडत नाही. म्हणून रील्स करणाऱ्याच्या फोनमध्ये दोन-तीन जीबी जागा कायम मोकळी हवी. कमी असेल तर ड्राफ्ट ठेवण्याच्या भानगडीत न पडता व्हिडिओ गॅलरीत उतरवून घ्यावा.

जागा करायची ती कुठून, याचाही विचार हवा. माणूस घाईने गॅलरीतले व्हिडिओ पुसतो, आणि तेच व्हिडिओ ड्राफ्टमध्ये वापरलेले असतात. इथे दुसरं कारण येतं.

सगळीच ॲप्स प्रत बनवत नाहीत. काही ॲप्स ड्राफ्टमध्ये फोटो ठेवतच नाहीत, फोटो गॅलरीत कुठे आहे त्याचा फक्त पत्ता लिहून ठेवतात. त्याने जागा वाचते. पण मूळ फोटो पुसला, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, मेमरी कार्ड काढलं, की पत्ता चुकतो आणि काळा चौकोन येतो. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनवरच्या प्रती काढल्या जातात. फोटो आपल्याला गूगल फोटोजमध्ये दिसत राहतो, त्यामुळे तो फोनवर नाही हे ध्यानातही येत नाही. ड्राफ्टला मात्र तो सापडत नाही. अशा वेळी गूगल फोटोजमधून तो फोटो पुन्हा फोनवर डाउनलोड केला तरी जुना पत्ता जुळेलच असं नाही. पण निदान फोटो हातात असतो आणि पोस्ट नव्याने बांधता येते. फोटो चुकून पुसला असेल तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघावं: बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनवर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवसांपर्यंत मिळतो.

पत्ता बरोबर असूनही दार बंद असू शकतं. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून ॲपला सगळे फोटो न दाखवता निवडक फोटोच दाखवायची सोय आहे. ही सोय उत्तम आहे, आणि अनोळखी ॲपला सगळी गॅलरी खुली करू नये असं माझं ठाम मत आहे. पण पहिल्यांदा ॲप उघडताना आपण चार फोटो निवडून पुढे गेलो आणि नंतर ते विसरलो, तर पुढचे फोटो त्या ॲपला दिसत नाहीत. आधी दिलेली परवानगी नंतर काढली तर ड्राफ्टमधला फोटोही वाचता येत नाही. शिवाय काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपोआप काढून घेतं. सणाला किंवा हंगामालाच एखादं ॲप वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, तिथे ते ॲप, त्यात परवानग्या, आणि फोटो व व्हिडिओची परवानगी काय आहे ते बघायचं. ज्या ॲपवर रोजचं काम आहे आणि ज्यावर विश्वास आहे, त्याला पूर्ण परवानगी द्यायला हरकत नाही.

तिसरं कारण सगळ्यांत कमी ओळखलं जातं. ड्राफ्ट सेव्ह होण्याआधीच ॲप मारलं जातं.

फोनची रॅम मर्यादित असते. आपण मजकूर लिहीत असताना फोन वाजला, की लिहायचं ॲप मागे जातं आणि फोनचं ॲप पुढे येतं. बोलता बोलता पिकाचा फोटो पाठवायला कॅमेरा उघडला की कॅमेऱ्याला भरपूर रॅम लागते. तीन-चार जीबी रॅमच्या फोनमध्ये ती आणायची कुठून? अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲप्सपैकी काही बंद करतं आणि जागा करतं. ॲप बंद होण्यापूर्वी थोडीशी माहिती राखून ठेवायची सोय यंत्रणेत आहे, पण ती अगदी थोड्या माहितीसाठी आहे, आणि ॲप बनवणाऱ्याने तसं लिहिलेलं असेल तरच. टाइप केलेल्या ओळी कदाचित परत येतील, जोडलेला व्हिडिओ येणार नाही. परत आल्यावर ॲप पहिल्या पानापासून सुरू झालं तर समजावं की मधल्या काळात ते मारलं गेलं होतं.

त्यात बॅटरी वाचवण्याचा अतिउत्साह भर घालतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हापासून वापरात नसलेल्या फोनला आणि ॲप्सना झोपवण्याची पद्धत यंत्रणेतच आली. त्याच्या वरताण म्हणून बऱ्याच कंपन्या आपल्या फोनमध्ये स्वतःचे नियम घालतात आणि मागे गेलेली ॲप्स लवकर बंद करतात. बॅटरी दिवसभर टिकते अशी जाहिरात करता यावी, हे त्यामागचं कारण. यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडायचं. सॅमसंगमध्ये ‘डीप स्लीपिंग ॲप्स’च्या यादीत ते ॲप गेलं असेल तर बाहेर काढायचं. काही फोनमध्ये अलीकडच्या ॲप्सच्या पडद्यावर ॲपला कुलूप लावता येतं, तेही लावावं.

आणि एक सवय सोडायला हवी. फोन हँग होऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने अलीकडची सगळी ॲप्स बोटाने वर सारून साफ करायची पद्धत खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. ड्राफ्ट लिहिला जात असताना असं केलं तर ते लिहिणं मध्येच तुटतं. फोन साफ करून देणारी क्लीनर ॲप्स हेच काम आणखी जोरात करतात. ती काढून टाकली तर काहीही बिघडत नाही, उलट जागा होते.

रेंज नाही म्हणून ड्राफ्ट सेव्ह झाला नाही, असं पुष्कळांना वाटतं. बॅकवॉटरच्या काठाला किंवा धावत्या गाडीत रेंज जाते हे खरं, पण फोनवरच राहणाऱ्या ड्राफ्टला रेंज लागत नाही. रेंज नसताना फसतं ते पोस्ट करणं. पोस्ट अडकते, माणूस ॲप बंद करतो, आणि अडकलेली पोस्ट ड्राफ्टमध्ये गेली असेल असं समजतो. ती गेलेली नसते. रेंज कच्ची असेल तिथे ‘पोस्ट’ दाबूच नये, आधी ड्राफ्ट करावा.

काही वेळा बिघाड मुळीच नसतो. एका फोनवर दोन खाती असतील, एक स्वतःचं आणि एक केळीच्या व्यवसायाचं, तर ड्राफ्ट ज्या खात्यात केला तिथेच दिसतो. फोनमध्ये ‘ड्युअल ॲप’ची सोय वापरून तेच ॲप दोनदा घेतलं असेल तर दोघांच्या जागा वेगळ्या असतात, आणि ती सोय बंद केली की दुसऱ्याची जागा पुसली जाते. इन्स्टाग्रामवर साध्या पोस्टला काहीच बदल केला नसेल, मजकूर, फिल्टर, ठिकाण काहीच नसेल, तर ड्राफ्टचा पर्याय समोर न येणं हा दोष नव्हे. स्टोरीच्या ड्राफ्टला तिथे सात दिवसांचीच मुदत आहे. आणि रीलमध्ये लावलेल्या गाण्याचे हक्क नंतर काढून घेतले गेले तर तो ड्राफ्ट असूनही त्या गाण्यासह टाकता येत नाही.

आता करायचं काय. ड्राफ्ट सेव्ह होत नाही असं दिसलं आणि काम अजून पडद्यावर असेल, तर ॲपमधून बाहेर पडू नका. मजकुरावर बोट दाबून धरा, सगळा निवडा, कॉपी करा. कॉपी केलं म्हणजे वाचलं असं समजू नका. जीबोर्ड कीबोर्डच्या क्लिपबोर्डमधला मजकूर पिनने टोचून ठेवला नाही तर तासाभराने जातो, आणि फोन तेवढा वेळ शहाण्यासारखा वागेलच असं नाही. लगेच नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. स्वतःला निरोप पाठवायची सोय व्हॉट्सॲपने २०२२ च्या अखेरीस दिली आहे. व्हिडिओच्या पडद्यावर डाउनलोडचं चिन्ह असेल तर तो गॅलरीत उतरवून घ्या. ॲपमधलं गाणं बहुधा त्यात येणार नाही, पण तुमचं चित्र आणि तुमची जोडणी येईल. तेही नसेल तर फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग लावून व्हिडिओ एकदा पूर्ण चालवा. दर्जा थोडा उतरतो, पण काम राहतं. आधीचे जुने ड्राफ्ट उघडत असतील तर त्यांचंही हेच करा. यात अर्धा तास गेला तरी चालेल.

त्यानंतरच दुरुस्तीला हात लावायचा, आणि सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जायचं. जागा मोकळी करा, पण व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’पासून सुरुवात करा. तिथे मोठ्या आणि वारंवार पुढे पाठवलेल्या फाइली वेगळ्या काढून दिसतात आणि तुमच्या स्वतःच्या शूटिंगला धक्का लागत नाही. मग फोन बंद करून चालू करा. परवानग्या आणि बॅटरीचं पान तपासा. प्ले स्टोअरवर ॲपची नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्या. नवी आवृत्ती जुनीची माहिती पुसत नाही, तिच्यावरच बसते, म्हणून ड्राफ्ट राहतात. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं.

झालं नाही तर ॲपच्या स्टोरेजच्या पानावर दोन बटणं दिसतील. हात थांबवून वाचा. ‘क्लिअर कॅश’ तात्पुरत्या फाइली काढतं, ड्राफ्ट सहसा राहतात. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ त्या खोलीतलं सगळं सामान बाहेर टाकतं, म्हणजे ॲप काढून परत टाकण्याइतकंच. दुकानदार घाईत असेल तर त्याचं बोट दुसऱ्या बटणावर जातं. फोन त्याच्या हातात देण्याआधी ‘यात माझे ड्राफ्ट आहेत’ असं स्पष्ट सांगा, आणि ‘रिसेट मारतो’ म्हणाला तर फोन परत घ्या. आयफोनवर कॅश पुसायचं वेगळं बटण नाही, पण ‘ऑफलोड ॲप’ आहे. त्याने ॲप जातं, त्याची माहिती राहते, आणि ॲप परत घेतलं की माहिती पुन्हा जुळते. शेजारचं ‘डिलीट ॲप’ मात्र माहितीसकट सगळं नेतं.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इन्स्टाग्रामवर मजकुराची मर्यादा २,२०० अक्षरचिन्हांची आहे, पण फोन आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. ‘क्षि’ आपल्या डोळ्यांना एक अक्षर आहे. फोनच्या हिशेबी तिथे क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणून बऱ्यापैकी मोठा वाटणारा पण मर्यादेत बसेल असं वाटलेला मराठी मजकूर अचानक मावत नाही. लांब लिहायचं असेल तर ते ॲपच्या चौकटीत लिहूच नये. गूगलच्या कीप नोट्समध्ये किंवा डॉक्समध्ये लिहावं, तिथे प्रत्येक ओळ सर्व्हरवर जाते, आणि शेवटी उचलून चिकटवावं. व्हिडिओही ॲपच्या कॅमेऱ्याने न घेता फोनच्या कॅमेऱ्याने घ्यावा, म्हणजे मूळ तुकडे गॅलरीत राहतात. मग ड्राफ्ट गेला तरी जोडण्याचे कष्ट तेवढे पुन्हा पडतात. तोडणीचा दिवस, वरात, पावसाच्या पहिल्या सरीत उजनीवर उतरलेले पक्षी, यांतलं काही पुन्हा चित्रित करता येत नाही.

नवा फोन घेतानाही हाच प्रश्न येतो. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप एका ॲपच्या २५ एमबीपर्यंतच माहिती घेतो, आणि ॲपला त्यातून बाहेर राहायची मुभा आहे. व्हिडिओचा एक ड्राफ्टसुद्धा त्यात मावत नाही. म्हणून जुना फोन विकण्याआधी किंवा घरातल्या धाकट्याला देण्याआधी प्रत्येक खातं उघडून ड्राफ्टची यादी बघावी. जे पुरे झालेत ते पोस्ट करून टाकावेत. जे अपुरे आहेत त्यांचे तुकडे आणि मजकूर वर सांगितल्याप्रमाणे उतरवून घ्यावेत. मोठ्या फाइली व्हॉट्सॲपवर नेहमीसारख्या पाठवल्या तर दर्जा उतरतो, म्हणून त्या डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात. यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ आणि फेसबुकवर ‘ओन्ली मी’ निवडून पोस्ट केली, तर ती कुणाला दिसत नाही, पण सर्व्हरवर पोचते. मग नव्या फोनवर लॉगिन करायचं, राहिलेला मजकूर भरायचा, आणि हवं त्या दिवशी ती सगळ्यांसाठी खुली करायची.